व्यवहार ‘पेंडिंग’वर अडकलाय: बिटकॉइन आणि इथरियमवर आधी काय तपासायचं, मग काय करायचं

लक्षण ओळखीचं आहे. वॉलेटमधून रक्कम वजा झाली, समोरच्याकडे पोचलेली नाही, आणि ‘पेंडिंग’ किंवा ‘अनकन्फर्म्ड’ हा शब्द काही केल्या हलत नाही. काही तास गेले की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: तीच रक्कम पुन्हा पाठवतात, नाहीतर ‘अडकलेले पैसे सोडवून देतो’ म्हणणाऱ्या कुणाच्या तरी हाती वॉलेटच्या चाव्या देतात. व्यवहार अडकल्याने पैसे बुडत नाहीत, या दोन उपायांनी मात्र बुडतात. त्यामुळे कुठलंही बटण दाबण्याआधी व्यवहार नेमका कुठे थांबलाय ते शोधायचं. उपाय त्यावरच ठरतो.

‘वजा झालं’ हा वॉलेटने स्वतःपुरता केलेला हिशेब असतो. बिटकॉइनमध्ये तुम्ही ‘पाठवा’ दाबता तेव्हा वॉलेट एक संदेश तयार करतं: माझ्या अमुक जुन्या नाण्यांमधून इतकी रक्कम या पत्त्यावर, उरलेली सुटी परत माझ्याच पत्त्यावर, आणि मध्ये जो फरक राहील ती मायनरची, म्हणजे खातेवहीला व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) जोडणाऱ्याची, फी. त्यावर तुमच्या खासगी कीने, म्हणजे फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त चावीने, सही होते. हा संदेश नोडकडून नोडकडे, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे, जातो. प्रत्येक नोड सही तपासून तो आपल्या प्रतीक्षायादीत, म्हणजे मेमपूलमध्ये, ठेवतो. एखाद्या मायनरने तो ब्लॉकमध्ये घेईपर्यंत खातेवहीच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. नाणी अजून तुमच्याच कीवर असतात. सही रक्कम, पत्ता आणि पर्यायाने फी या सगळ्यालाच लागू असल्यामुळे वाटेतला कुणीही त्यात एका सातोशीचाही (बिटकॉइनचा सर्वांत लहान अंश) फरक करू शकत नाही. आणि म्हणूनच कमी पडलेली फी दुसरं कुणी परस्पर वाढवून देऊ शकत नाही. नवी सही लागते, ती कीधारकाचीच.

पहिली तपासणी

वॉलेटमधून व्यवहाराचा आयडी कॉपी करा. त्यात ६४ हेक्स अक्षरं (० ते ९ आणि a ते f) असतात. इथरियमवर त्याआधी दोन अक्षरांचा उपसर्ग येतो. हा आयडी त्याच नेटवर्कच्या ब्लॉक एक्स्प्लोररमध्ये, म्हणजे खातेवही दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाका, आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या एक्स्प्लोररमध्ये टाकून बघा. संपूर्ण जगाचा मिळून एकच मेमपूल असा काही नसतो. प्रत्येक नोडचा आपापला असतो, आणि एक्स्प्लोरर त्याच्या नोडला जे दिसतं तेवढंच दाखवतो.

आयडीच नसेल तर व्यवहार अजून नेटवर्कवर आलेलाच नाही. एक्स्चेंजमधून पैसे काढताना हे सर्रास होतं. ‘प्रोसेसिंग’ दिसत असतं, पण प्रत्यक्षात विनंती त्यांच्या अंतर्गत रांगेत असते: सुरक्षा तपासणी, पासवर्ड किंवा टू-फॅक्टर बदलल्यानंतरची सक्तीची थांबणी, नाहीतर अनेकांचे व्यवहार एकत्र पाठवायची वेळ. फी वगैरेचे खाली दिलेले कुठलेच उपाय इथे लागू होत नाहीत, कारण सही करणारी की एक्स्चेंजकडे आहे. त्यांच्या अधिकृत ॲपमधूनच तक्रार नोंदवा.

आयडी आहे पण कुठल्याच एक्स्प्लोररला सापडत नाही, याचे अर्थ तीन. तुम्ही चुकीच्या नेटवर्कचा एक्स्प्लोरर उघडलाय. वॉलेटचं नोडशी कनेक्शन तुटल्यामुळे संदेश बाहेर पडलेलाच नाही. किंवा फी इतकी कमी होती की नोडनी तो घेतला नाही अथवा नंतर काढून टाकला. दुसऱ्या बाबतीत वॉलेटचा सर्व्हर बदलून व्यवहार पुन्हा प्रसारित करायचा. सही केलेला तोच संदेश पुन्हा पाठवण्यात धोका काही नाही, तो दोनदा खर्च होऊच शकत नाही.

सापडतो आणि कन्फर्मेशन (व्यवहाराचा ब्लॉक धरून त्यापुढे आलेले ब्लॉक) ० आहेत, तर व्यवहार खरोखर रांगेत आहे. ‘फेल्ड’ किंवा ‘रिव्हर्टेड’ लिहिलं असेल तर तो अडकलेला नाहीच, तो पार पडून फसलेला आहे. त्याबद्दल इथरियमच्या भागात. आणि कन्फर्म झालेला असूनही समोरच्याला दिसत नसेल तर प्रश्न नेटवर्कचा नाही, त्याचा विचार शेवटाकडे करू.

बिटकॉइन: रांग कशी ठरते

ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण ही सरासरी फसवी आहे. ब्लॉक सापडणं हा निव्वळ योगायोगाचा खेळ असल्यामुळे दोन ब्लॉकमध्ये ३० मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडण्याची शक्यता साधारण ५ टक्के असते. दिवसाला १४४ ब्लॉक धरले तर हे रोज सातेकदा घडणारच. तासाहून मोठी खंडसुद्धा सरासरी तीनेक दिवसांत एकदा येते. त्यामुळे ४० मिनिटं ० कन्फर्मेशन दिसणं म्हणजे बिघाड नव्हे. शेवटचा ब्लॉक कधी आला ते आधी बघा. त्यानंतर एकही ब्लॉक आलेला नसेल तर करण्यासारखं काही नाही, थांबायचं. ब्लॉकमागून ब्लॉक येतायत आणि तुमचा व्यवहार तिथेच आहे, तेव्हा कारण बहुधा फीच असतं.

फी रकमेवर ठरत नाही, व्यवहाराच्या आकारावर ठरते. मापाचं एकक सातोशी प्रति व्हर्च्युअल बाइट, बोलीत ‘सॅट प्रति व्हीबाइट’. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी. एका ब्लॉकला ४० लाख वजन-एककांची मर्यादा आहे, म्हणजे १० लाख व्हीबाइट. सेगविट या नव्या पद्धतीच्या पत्त्यांवरचा एक इनपुट (खर्च होणारं जुनं नाणं), दोन आउटपुटचा (पाठवलेली रक्कम आणि सुटं) साधा व्यवहार सुमारे १४१ व्हीबाइटचा होतो; जुन्या, १ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर तोच २२६चा. वॉलेटमध्ये बारीकसारीक रकमा साठल्या असतील आणि वॉलेटने २० इनपुट गोळा केले तर सेगविटवरही आकार १,४३० व्हीबाइटच्या पुढे जातो. एकूण फी ‘भरपूर’ दिली असूनही व्यवहार अडकतो तो बऱ्याचदा असा: आकडा मोठा, दर किरकोळ. म्हणून एक्स्प्लोररवर एकूण फी बघू नका, दर बघा, आणि तो पुढच्या अपेक्षित ब्लॉकच्या किमान दराशी ताडून पाहा.

दर अचानक का चढतात? जागा ठरावीक असते आणि लिलाव उघडा असतो. २० एप्रिल २०२४ला ८,४०,०००वा ब्लॉक आला, मायनरला ब्लॉकमागे मिळणारं बक्षीस निम्मं होऊन ३.१२५ बिटकॉइन झालं आणि त्याच ब्लॉकपासून रून्स नावाची टोकन पद्धत सुरू झाली. त्या एका ब्लॉकमध्ये मायनरला फीपोटी ३७ बिटकॉइनहून जास्त मिळाले. अशा वेळी वॉलेटने तासाभरापूर्वीच्या ब्लॉकवरून काढलेला फीचा अंदाज सपशेल खोटा ठरतो. बिटकॉइन कोअर या नोड चालवण्याच्या प्रमुख सॉफ्टवेअरचा अंदाजही आधी किती दराचे व्यवहार किती ब्लॉकांत लागले या इतिहासावर चालतो, त्यामुळे चढत्या बाजारात तो मागे राहतो आणि उतरत्या बाजारात जास्त पैसे मागतो.

मेमपूलची नियमावली नोडनुसार बदलू शकते, पण बिटकॉइन कोअरचे पूर्वनिर्धारित आकडे माहीत असावेत: ३०० एमबी स्मृती, आणि ३३६ तास म्हणजे १४ दिवसांनंतर व्यवहार काढून टाकणं. स्मृती भरली की सर्वांत कमी दराचे व्यवहार आधीच बाहेर फेकले जातात. ‘दोन आठवडे थांबा, पैसे आपोआप परत येतील’ हा सल्ला यावरूनच आला आणि तो अर्धवट आहे. नोडने विसरणं म्हणजे व्यवहार रद्द होणं नव्हे. सही केलेला संदेश वैधच राहतो. तुमचं वॉलेट, समोरच्याचं वॉलेट किंवा कुणीही तो पुन्हा प्रसारित करू शकतं. तो खऱ्या अर्थाने मरतो तो एकाच प्रकारे: त्याच इनपुटपैकी निदान एक दुसऱ्या व्यवहारात खर्च होऊन तो व्यवहार कन्फर्म झाला की.

पुन्हा पाठवण्यातला धोकाही यातच आहे. वॉलेटने दुसऱ्या खेपेला वेगळी नाणी उचलली तर दोन्ही व्यवहार वैध असतात आणि कालांतराने दोन्ही कन्फर्म होतात. समोरच्याला दुप्पट मिळतं. परत देणं सर्वस्वी त्याच्या मर्जीवर.

पहिला उपाय: फी बदलून तोच व्यवहार (आरबीएफ, ‘रिप्लेस बाय फी’)

पाठवणारे तुम्ही असाल तर हाच उपाय आधी. त्याच इनपुटचा, जास्त फीचा नवा व्यवहार सही करून पाठवायचा. नोड जुना टाकून नवा ठेवतात. पूर्वी यासाठी व्यवहारात आगाऊ खूण लागायची: निदान एका इनपुटचा सिक्वेन्स आकडा ४,२९,४९,६७,२९३ किंवा त्याहून कमी. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअर २८.० पासून नोड खूण नसलेले व्यवहारही बदलू देतात. मात्र काही वॉलेट अजून खूण बघूनच बटण दाखवतात. बटण नाही म्हणून शक्यताच नाही असं समजू नका. इलेक्ट्रम या वॉलेटमध्ये व्यवहारावर राइट-क्लिक केलं की फी वाढवण्याचा पर्याय मिळतो, बिटकॉइन कोअरमध्ये ‘बम्पफी’ ही आज्ञा आहे.

हिशेब सोपा आहे. १४१ व्हीबाइटचा व्यवहार ३च्या दराने पाठवला होता, म्हणजे फी ४२३ सातोशी. सध्या ब्लॉकमध्ये जायला २० लागतायत. नवी फी १४१ गुणिले २०, म्हणजे २,८२०. वाढीव खर्च २,३९७ सातोशी. थोडं थोडं वाढवत बसण्यापेक्षा एकदाच नीट वाढवा. प्रत्येक बदलाला आधीच्या एकूण फीपेक्षा जास्त द्यावंच लागतं आणि त्यावर नव्या व्यवहाराच्या प्रसारणाचा किमान दरही.

इथे अडखळायच्या जागा अशा. व्यवहाराचा आयडी बदलतो, तेव्हा नवा आयडी समोरच्याला कळवा, नाहीतर तो जुना शोधत बसेल. वाढीव फी सुट्यातून, म्हणजे तुमच्याकडे परत येणाऱ्या रकमेतून, कापली जाते. सगळी शिल्लक पाठवून टाकली असेल तर सुटं उरलेलंच नाही, मग एक जादा इनपुट जोडायचा किंवा समोरच्याची रक्कम कमी करायची. समोरच्याने तुमचे न कन्फर्म झालेले पैसे आधीच पुढे खर्च केले असतील, तर बदली व्यवहाराला तुमच्या जुन्या फीबरोबर त्या पुढच्या व्यवहारांच्या फीचीही भरपाई करावी लागते. दर तर पुरेसा दिलाय आणि तरी ‘फी अपुरी’ म्हणून नकार येतोय, असं झालं की एक्स्प्लोररवर तुमच्या आउटपुटच्या पुढे काही लटकतंय का ते बघा. आणि सही करता करता जुनाच व्यवहार ब्लॉकमध्ये गेला तर नवा आपोआप बाद होतो. त्यात नुकसान नाही.

व्यवहार रद्द करायचा असेल तरी हेच यंत्र वापरायचं, फक्त आउटपुट स्वतःच्या पत्त्यावर ठेवायचं. हमी मात्र नाही. जुना आधी लागला की खेळ संपला.

एक सावधगिरी: फी हाताने टाइप करताना दर आणि एकूण रक्कम या दोन रकान्यांची गल्लत करू नका. सप्टेंबर २०२३मध्ये एका व्यवहारात चुकून सुमारे २० बिटकॉइन फी गेली. प्रोटोकॉल फीला वरची मर्यादा घालत नाही, वॉलेटचा इशारा हाच काय तो अडसर.

दुसरा उपाय: मागून रेटा (सीपीएफपी, ‘चाइल्ड पेज फॉर पेरेंट’)

पैसे घेणारे तुम्ही असाल, तर मूळ व्यवहारावर तुम्हाला सही करता येत नाही. पण त्यातून तुमच्या पत्त्यावर येऊ घातलेलं आउटपुट तुमचं आहे. ते भरपूर फीने स्वतःलाच पाठवा. या नव्या, म्हणजे अपत्य व्यवहाराची फी हवी असेल तर मायनरला आधी मूळ व्यवहार, म्हणजे पालक, घ्यावाच लागतो, म्हणून तो जोडीचा एकत्रित दर बघतो.

वरचंच उदाहरण घेऊ. पालक १४१ व्हीबाइट, फी ४२३. अपत्य एक इनपुट, एक आउटपुट, सुमारे ११० व्हीबाइट. दोघांचे मिळून २५१. २०च्या दराने ५,०२० सातोशी. त्यातून ४२३ वजा, म्हणजे अपत्याने ४,५९७ द्यायचे. अपत्याचा स्वतःचा दर ४२च्या आसपास दिसेल, त्याने बिचकू नका. नेहमीची चूक उलटी असते: अपत्याला २०चाच दर दिला जातो, जोडीची सरासरी १०-११वर येते आणि आता एकाऐवजी दोन व्यवहार अडकतात. पाठवणाऱ्याला सुट्यावरून हाच उपाय करता येतो, पण आरबीएफ जमत असताना तो करू नये. वरच्या आकड्यांत जवळपास दुप्पट खर्च येतोय.

पालकच नोडच्या मेमपूलमधून बाहेर फेकला गेला असेल तर अपत्य स्वीकारलं जात नाही, कारण ते जे खर्च करतंय ते नोडला ठाऊकच नाही. २८.० पासून कोअर नोड एक पालक-एक अपत्य अशी जोडी एकत्र तोलून घेऊ शकतात, परंतु अशा वेळीही आरबीएफचाच भरवसा जास्त. शिवाय साखळीला मर्यादा आहे. कोअरच्या अनेक वर्षांच्या आवृत्त्यांमध्ये न कन्फर्म झालेल्या व्यवहारांची साखळी २५पर्यंतच चालते. एकाच सुट्यातून भराभर पेमेंट करणाऱ्या दुकानाच्या वॉलेटला ही भिंत हमखास लागते, आणि पहिला व्यवहार कमी फीचा असला की मागचे सगळे त्याच्यामागे ताटकळतात.

इथरियम: नॉन्सची साखळी

इथे नाणी नसतात, खात्यावर शिल्लक असते; त्यामुळे दुहेरी खर्च रोखायला वेगळी सोय लागते. प्रत्येक खात्याच्या व्यवहारांना ० पासून चढता क्रमांक असतो, तो नॉन्स. ५७ लागल्याशिवाय ५८ लागू शकत नाही. म्हणून ‘माझे पाच व्यवहार अडकलेत’ ही तक्रार आली की बहुधा एकच अडकलेला असतो, सर्वांत लहान नॉन्सचा. शेवटच्या व्यवहाराची फी कितीही वाढवा, काही हलणार नाही. एक्स्प्लोररवर खात्याचा शेवटचा कन्फर्म नॉन्स बघा, त्यात १ मिळवा. तो क्रमांक ज्या व्यवहाराचा, त्यालाच हात घालायचा.

फीची रचना ५ ऑगस्ट २०२१च्या लंडन अद्ययावतीकरणापासून दोन भागांची आहे. मूळ फी प्रोटोकॉल ठरवतो आणि ती जळून नष्ट होते. वर टिप, ती ब्लॉक मांडणाऱ्याला. तुम्ही प्रति गॅस (व्यवहाराला लागणाऱ्या कामाचं एकक) कमाल किती देणार ते ग्वेईमध्ये सांगता. एक ग्वेई म्हणजे इथरचा एक अब्जांश. मूळ फी तुमच्या कमाल आकड्याच्या वर गेली की व्यवहार नुसता बसून राहतो. ती दर ब्लॉकला जास्तीत जास्त १२.५ टक्के बदलते आणि ब्लॉकची जागा दर १२ सेकंदांना असते. सलग सहा ब्लॉक तुडुंब भरले तर सव्वा मिनिटात मूळ फी दुप्पट. घाई असेल तेव्हा कमाल आकडा सध्याच्या मूळ फीच्या दुप्पट ठेवावा. न वापरलेला फरक कापला जात नाही, त्यामुळे कमाल आकड्यात कंजुषी करण्यात अर्थ नाही. कंजुषी करायचीच तर टिपमध्ये करा.

सोडवण्याचा क्रम:

१. अडकलेल्या सर्वांत लहान नॉन्सचा व्यवहार निवडा.
२. वॉलेटमधला वेग वाढवण्याचा पर्याय वापरा, किंवा प्रगत सेटिंगमधून तोच नॉन्स हाताने घालून नवा व्यवहार करा. कमाल फी आणि टिप दोन्ही निदान १० टक्क्यांनी वाढलेल्या हव्यात. गेथ हे इथरियमचं नोड-सॉफ्टवेअर यापेक्षा कमी वाढ नाकारतं. एकच वाढवली तरी नकारच येतो.
३. रद्द करायचं असेल तर त्याच नॉन्सने स्वतःच्याच पत्त्यावर ० इथर पाठवा. याला २१,००० गॅस लागतो, म्हणजे रद्द करणं फुकट नाही.
४. तो लागला की बाकीचे आपसूक सुटतात का ते बघा. मधले काही नको असतील तर त्यांच्या नॉन्सवरही हेच, पहिला लागण्याआधी. नंतर वेळ मिळेलच असं नाही.

याचा उलट प्रकारही दिसतो: वॉलेटच्या स्थानिक नोंदी बिघडतात आणि ते ५७ आणि ५८ सोडून थेट ५९ वापरतं. मध्ये भोक पडलं की ५९ अंमलात येण्याजोगा उरत नाही; गेथ असे व्यवहार पूर्वनिर्धारित ३ तासच ठेवतो. ५७ आणि ५८ भरून काढा, किंवा वॉलेटमधला व्यवहारांचा स्थानिक इतिहास पुसून त्याला नेटवर्ककडून खरा नॉन्स घेऊ द्या. इतिहास पुसणं आणि वॉलेट पुसणं यातला फरक नीट वाचून मगच बटण दाबा. हेच खातं दोन उपकरणांवर वापरणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो.

‘फेल्ड’ मात्र वेगळं प्रकरण. तो ब्लॉकमध्ये गेला, गॅस जळला, नॉन्स वापरला गेला, फक्त कॉन्ट्रॅक्टने (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने) काम उलटवलं. कारण सहसा गॅसची मर्यादा कमी पडणं, किंमत ठरवून दिलेल्या फरकाबाहेर सरकणं किंवा टोकन खर्चायची परवानगीच दिलेली नसणं. पैसे जागेवर असतात, फी परत मिळत नाही. आणि टोकन भरपूर पण इथर शून्य असेल तर व्यवहार सुरूच होत नाही. फी इथरमध्येच द्यावी लागते.

कन्फर्म झालंय, तरी समोर दिसत नाही

आधी कन्फर्मेशनची संख्या. एक्स्चेंज आपापली अट लावतात आणि ती ठेव करण्याच्या पानावर लिहिलेली असते. मग मेमो किंवा टॅग: एक्सआरपी, स्टेलर अशा नेटवर्कवर एक्स्चेंज सगळ्या ग्राहकांना एकच पत्ता देतं आणि टॅगवरून खातं ओळखतं. टॅग राहिला तर पैसे एक्स्चेंजपर्यंत पोचलेले असतात, फक्त बेवारस पडून असतात. आयडी देऊन त्यांच्याकडे दावा करावा लागतो.

इथरियमशी सुसंगत अनेक नेटवर्कवर पत्त्याचं रूप एकच असल्याने चुकीच्या नेटवर्कवर पाठवणं सोपं जातं. पत्ता तुमच्या स्वतःच्या कीचा असेल तर वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडलं की रक्कम दिसेल, कारण तीच की तिथेही चालते. पत्ता एक्स्चेंजचा असेल तर की त्यांच्याकडे. सोडवायचं की नाही ते तेच ठरवणार.

पत्ताच चुकला का, हाही प्रश्न येतो. टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर बिटकॉइनच्या पत्त्यातली तपासबेरीज ते जवळजवळ नेहमीच पकडते. खरा धोका वैध पण भलत्याच पत्त्याचा. क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारे मालवेअर असतात. काही ठग तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता बनवून त्यावरून तुम्हाला क्षुल्लक रक्कम पाठवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून तोच कॉपी कराल. पहिली आणि शेवटची चार अक्षरं जुळवून समाधान मानणाऱ्यांसाठीच हा सापळा लावलेला असतो. मधली अक्षरंही बघा, आणि हार्डवेअर वॉलेट असेल तर कॉम्प्युटरच्या नव्हे, त्याच्या पडद्यावर बघा.

‘ॲक्सिलरेटर’ आणि सीड फ्रेज

काही मायनिंग पूल (एकत्र काम करणारे मायनर) पैसे घेऊन व्यवहार लवकर ब्लॉकमध्ये घेतात, हेच ‘ॲक्सिलरेटर’. त्यांना फक्त व्यवहाराचा आयडी लागतो, जो तसाही जगजाहीर असतो. यापलीकडे काहीही मागणारा चोर समजावा: सीड फ्रेज (वॉलेटच्या सगळ्या चाव्या ज्यांतून निघतात ते शब्द), खासगी की, ‘वॉलेट सिंक’ करायला लावणारी लिंक, स्क्रीन शेअर करायला लावणारं ॲप. सीड फ्रेजचे १२ किंवा २४ शब्द २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात, आणि १२ शब्दांमागे १२८ बिटांची यादृच्छिकता असते. अंदाजाने ते कुणाला सापडणार नाहीत, म्हणूनच ते तुमच्याकडून वदवून घेतले जातात. वर सांगितलेला एकही उपाय सीड फ्रेज कुठल्या वेबसाइटवर टाकायला लावत नाही.

लाइटनिंगवरचं पेंडिंग

लाइटनिंग म्हणजे बिटकॉइनवरचं झटपट पेमेंटचं वेगळं जाळं. इथे आरबीएफ, सीपीएफपी काही नाही. पैसे वाटेतल्या नोडमध्ये मुदतीच्या कुलपात असतात. मधला एखादा नोड गप्प झाला तर मुदत संपेपर्यंत ते तसेच राहतात, आणि ही मुदत ब्लॉकमध्ये मोजली जात असल्याने काही तास ते काही दिवस लागू शकतात. तोवर समोरच्याकडून नवं इन्व्हॉइस घेऊन पैसे देऊ नका, दोन्ही पोचू शकतात. वॉलेट चालू आणि ऑनलाइन ठेवा, आणि चॅनेल (दोन नोडमधलं पैशांचं सामाईक खातं) जबरदस्तीने बंद करायचं टाळा. त्याने अडकलेली रक्कम लवकर सुटत नाही, उलट ब्लॉकचेनवरची फी अंगावर येते.

पैसे घेणाऱ्याने किती थांबायचं

दुकानदार किंवा सेवा देणारे असाल तर ० कन्फर्मेशनवर माल सोडू नका. आता बहुतेक नोड व्यवहार बदलू देतात, त्यामुळे दिसतोय तो व्यवहार पाठवणाऱ्याने स्वतःकडे वळवणं हे एका बटणाचं काम आहे. बिटकॉइनवर ६ कन्फर्मेशनचा प्रघात कुठून आला ते आकड्यांत दिसतं: हल्लेखोराकडे नेटवर्कची १० टक्के ताकद असेल, तर सातोशी नाकामोतोच्या २००८च्या गणिताप्रमाणे १ कन्फर्मेशननंतर त्याला मागून गाठून व्यवहार उलटवण्याची संधी सुमारे २० टक्के, ३ नंतर १.३ टक्के आणि ६ नंतर ०.०२४ टक्के राहते. किरकोळ रकमेला एक पुरतं, मोठ्या रकमेला सहा. इथरियमवर मोजणी वेगळी आहे. तिथे ३२ जागांचा एक एपोक, आणि सुरळीत चालत असेल तर दोन एपोक, म्हणजे साधारण १३ मिनिटांनंतर ब्लॉक ‘फायनलाइज्ड’ होतो. मोठी रक्कम असेल तर एक्स्प्लोररवर कन्फर्मेशनचा आकडा न बघता हा शिक्का उमटलाय का तेवढं बघा.